वाचकांचे प्रश्न : तेलातल्या नायट्रोजनची झडती

मागील अंकात बडोद्याजवळच्या कोयालीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याविषयी लिहिताना, ‘कच्च्या तेलातल्या गंधकाची चर्चा सगळीकडे होते, नायट्रोजनची दखल मात्र फारसे कोणी घेत नाही’, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर बडोद्यातूनच इतकी पत्रे आली की, हे सदर या वेळी पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि तो कोणाचे काही बिघडवत नाही. मग तेलात अर्धा टक्कासुद्धा नसलेल्या नायट्रोजनची एवढी धास्ती कशासाठी? आणि मुळात तो तेलात येतो कुठून?
— निवृत्त शिक्षक, मांजलपूर

हवेतला नायट्रोजन आणि तेलातला नायट्रोजन यांचे मूलद्रव्य एक असले, तरी त्यांची वागणूक सर्वस्वी वेगळी असते. हवेत नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात आणि इतर कोणाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तेलात मात्र नायट्रोजनचा अणू कार्बनच्या कड्यात गुंफलेला असतो. ज्या सूक्ष्म जीवांच्या आणि वनस्पतींच्या अवशेषांपासून कोट्यवधी वर्षांत तेल झाले, त्यांच्या प्रथिनांचा, रंगद्रव्यांचा तो वारसा आहे. हे केवळ अनुमान नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ च्या सुमारास खनिज तेलात पॉर्फिरिन ओळखले. चार नायट्रोजन अणूंच्या मधोमध व्हॅनेडियमचा अणू बसलेली ही कडी हरितद्रव्याच्या सांगाड्याशी इतकी मिळतीजुळती आहेत की, तेलाचे मूळ सजीवांमध्ये आहे याचा तो भक्कम पुरावा ठरला.

आता प्रमाणाविषयी. कच्च्या तेलात नायट्रोजन सहसा वजनाने अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, काही जड तेलांत तो एक टक्क्याच्या जवळ जातो. हा आकडा किरकोळ वाटतो खरा, पण तो नायट्रोजनच्या अणूंचा आहे, नायट्रोजनयुक्त रेणूंचा नव्हे. एखाद्या रेणूचे वस्तुमान ४०० धरा आणि त्यात नायट्रोजनचा एकच अणू आहे असे समजा. त्या अणूचे वस्तुमान १४, म्हणजे रेणूच्या अवघे ३.५ टक्के. तेव्हा तेलात ०.२ टक्के नायट्रोजन आहे याचा अर्थ, त्या तेलाचा साधारण पावणेसहा टक्के भाग नायट्रोजन बाळगणाऱ्या रेणूंचा आहे. शंभर रुपयांच्या हिशेबात वीस पैसे दुर्लक्षिता येतात, पावणेसहा रुपये येत नाहीत.

या रेणूंची दोन घराणी आहेत. पिरिडिन, क्विनोलिन, अॅक्रिडिन आणि त्यांचे साखळ्या जोडलेले भाऊबंद हे आम्लारीधर्मी आहेत. त्यांच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि आम्ल दिसताच ते त्याला चिकटतात. इंडोल, कार्बाझोल, बेंझोकार्बाझोल यांच्यात तीच जोडी कड्याच्या स्वतःच्या कामात गुंतलेली असते, म्हणून त्यांना उदासीन म्हणतात. जड तेलाचे तुकडे करणाऱ्या उत्प्रेरकी भंजन संयंत्रात झिओलाइट या सच्छिद्र उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरील आम्लस्थाने काम करत असतात. पहिल्या घराण्यातले रेणू नेमके तिथेच जाऊन बसतात आणि उत्प्रेरक निकामी करतात. कोयालीला १९९३ साली सुरू झालेले हायड्रोक्रॅकर, म्हणजे हायड्रोजनच्या दाबाखाली जड तेल तोडणारे संयंत्र, हे देशातले अशा प्रकारचे पहिले. तिथेही उत्प्रेरक आम्लधर्मीच असल्याने, कच्चा माल आत सोडण्यापूर्वी त्यातला नायट्रोजन काढून टाकणे भागच असते.

दुसरे घराणे स्वभावाने शांत असले तरी निरुपद्रवी नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन लागू झाले आणि डिझेलमधला गंधक १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा) आत आणणे बंधनकारक झाले. शेवटचा हट्टी गंधक काढताना कार्बाझोलसारखे रेणू उत्प्रेरकाच्या त्याच जागा अडवून बसतात. शिवाय नायट्रोजन काढणे हे गंधक काढण्याहून अवघड काम आहे. गंधक आणि कार्बन यांच्यातला बंध पुष्कळदा सरळ तोडता येतो, परंतु नायट्रोजनचे कडे आधी हायड्रोजनने संपृक्त करावे लागते आणि त्यानंतरच तो बंध सुटतो. त्यामुळे हायड्रोजनही जास्त लागतो आणि दाबही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत एकूण नायट्रोजन मोजण्याचे यंत्र आहे आणि पर्क्लोरिक आम्लाच्या अनुमापनाने आम्लारीधर्मी नायट्रोजनही काढता येतो. हे दोन आकडे हाती असताना, रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर एवढा खर्च का करावा?
— एम.एस्सी. (रसायनशास्त्र) विद्यार्थिनी, फतेगंज

आपला प्रश्न रास्त आहे आणि खर्चाचा विचार करणारी विद्यार्थिनी भेटली याचा आनंद आहे. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातला नायट्रोजन मोजण्यासाठी जी पद्धत बसवली, तिच्यावर तेलाच्या प्रयोगशाळांनीही कित्येक वर्षे काढली. आपल्याकडचे यंत्र तिच्याहून पुष्कळ जलद आहे. ते नमुना सुमारे १००० अंश सेल्सिअसला ऑक्सिजनमध्ये जाळते, नायट्रोजनचे नायट्रिक ऑक्साइड करते, त्यावर ओझोन सोडते आणि त्या अभिक्रियेत निघणारा मंद प्रकाश मोजते. अंश-पीपीएमपर्यंतचे मापन ते विश्वासाने करते. हे यंत्र असताना केवळ ‘किती’ हे जाणण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर घेणे म्हणजे उधळपट्टी आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

पण जाळताना रेणूची ओळखही जळून जाते. दोन तेलांत एकूण नायट्रोजन १५०० पीपीएम आणि आम्लारीधर्मी नायट्रोजन ५०० पीपीएम असा तंतोतंत सारखा असूनही एक तेल संयंत्रातून निमूटपणे जाते आणि दुसरे उत्प्रेरकाचे आयुष्य कमी करते, असे घडू शकते. पहिल्यातला नायट्रोजन दोन कड्यांच्या क्विनोलिनमध्ये असेल, दुसऱ्यातला चार-पाच कडी जोडलेल्या, उत्प्रेरकावर कोळसा होऊन बसणाऱ्या रेणूंत असेल. मास स्पेक्ट्रोमीटर या दोघांना वेगळे दाखवतो. तो प्रत्येक रेणूचे सूत्र देतो आणि सूत्रावरून कडी किती व साखळ्या केवढ्या, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून आपले दोन आकडे टाकून देऊ नका. पुढे एका उत्तरात दिसेल की, मास स्पेक्ट्रोमीटरलाच त्यांची गरज पडते.

प्रश्न : यंत्र फक्त वस्तुमान मोजते असे आपण म्हणता. मग नुसत्या वजनावरून रेणूत नायट्रोजन आहे की गंधक, हे कसे कळते? एक किलो कापूस आणि एक किलो लोखंड काट्यावर सारखेच ना?
— सनदी लेखापाल, दांडिया बाजार

काटा सराफाचा आहे की भाजीवाल्याचा, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. हिशेबाच्या माणसाला आकडे आवडतील या भरवशावर थोडे आकडेच मांडतो.

कार्बनच्या अणूचे वस्तुमान नेमके १२ मानले आहे. त्या मापात हायड्रोजन १ भरायला हवा, पण भरतो १.००७८२५. नायट्रोजन १४ ऐवजी १४.००३०७४, ऑक्सिजन १६ ऐवजी १५.९९४९१५ आणि गंधक ३२ ऐवजी ३१.९७२०७१. केंद्रकातले कण एकत्र बांधले जाताना काही ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढे वस्तुमान घटते; प्रत्येक मूलद्रव्यात ही घट वेगळी असल्याने दशांश चिन्हापुढचे आकडे हीच त्या मूलद्रव्याची सही ठरते. भाजीवाल्याच्या काट्यावर नायट्रोजनचा एक अणू आणि ‘एक कार्बन, दोन हायड्रोजन’ ही जुडी दोन्ही १४च भरतील. बारीक काट्यावर मात्र जुडी १४.०१५६५० भरते आणि नायट्रोजनपेक्षा ०.०१२५७६ ने जड निघते.

आता प्रत्यक्ष रेणू घेऊ. लांब साखळी जोडलेला एक क्विनोलिन आहे, ज्यात कार्बन २०, हायड्रोजन २९ आणि नायट्रोजन १ आहे. त्याला एक प्रोटॉन चिकटला की, त्याचे वस्तुमान २८४.२३७३ होते. तेलात त्याच्याच शेजारी दुसरा एखादा रेणू असू शकतो, ज्यात कार्बन १७, हायड्रोजन ३३, नायट्रोजन १ आणि वर गंधक १ आहे. पहिल्यातले तीन कार्बन काढून त्यांच्या जागी एक गंधक आणि चार हायड्रोजन ठेवले की, हा दुसरा तयार होतो. त्याचे प्रोटॉनसहित वस्तुमान २८४.२४०६. दोहोंत फरक अवघा ०.००३४, म्हणजे एका हायड्रोजन अणूच्या वस्तुमानाचा सुमारे तीनशेवा भाग. वस्तुमानाला त्यातल्या ओळखता येणाऱ्या सर्वांत लहान फरकाने भागले की विभेदनक्षमता मिळते. इथे हा भागाकार ८४,००० च्या वर जातो. विभेदनक्षमता २०,००० असलेल्या यंत्राच्या आलेखावर, म्हणजे वर्णपटात, या दोघांचे मिळून एकच शिखर दिसेल आणि त्याचे वस्तुमान दोघांच्या मधले, म्हणजे कोणाचेच नसलेले, असेल.

यासाठीच उच्च विभेदनक्षमतेची यंत्रे लागतात. त्यांतले सर्वांत समर्थ यंत्र मेल्विन कोमिसारो आणि अॅलन मार्शल यांनी १९७४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात साकारले. त्याचे लांबलचक नाव फूरिये ट्रान्सफॉर्म आयन सायक्लोट्रॉन रेझोनन्स असे आहे. त्यात आयन प्रबळ चुंबकीय क्षेत्रात गोल फिरतात आणि जड आयन हळू फिरतो. यंत्र आयनाला तोलत नाही, तो सेकंदाला किती फेऱ्या मारतो हे ऐकते. वारंवारता हीच भौतिकीत सर्वांत अचूक मोजता येणारी राशी आहे. चुंबक ७ टेस्लाचा असेल, तर आपला क्विनोलिन सेकंदाला सुमारे ३,७८,००० फेऱ्या मारतो आणि शेजारचा गंधकवाला त्याच्यापेक्षा साडेचार फेऱ्या कमी.

पावणेचार लाखांत साडेचारांचा फरक कसा ओळखणार, असे वाटेल. बडोद्यात ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळलेल्या असतात तेव्हा स्वर एकसंध न लागता सेकंदाला चार-पाच वेळा डुलतो. तो डोल ऐकू येण्यासाठी तार छेडून क्षणभर थांबावे लागते. लगेच हात ठेवला तर तारा जुळल्यासारख्याच वाटतात. यंत्राचेही तसेच आहे. आयनांचा स्वर जितका वेळ टिकतो, तितके बारीक अंतर उलगडते, आणि तो टिकावा म्हणूनच आत जवळजवळ परिपूर्ण निर्वात राखावा लागतो. चुंबक आणि त्याला थंड ठेवणारा द्रव हीलियम परवडत नसेल, तर अलेक्झांडर माकारोव्ह यांनी विकसित केलेला आणि २००५ पासून बाजारात आलेला ऑर्बिट्रॅप आहे. त्यात चुंबक नसतो; तकलीच्या आकाराच्या इलेक्ट्रोडभोवती फिरता फिरता आयन मागेपुढे झोके घेतात आणि त्या झोक्यांची वारंवारता मोजली जाते.

एका नमुन्यात अशी हजारो शिखरे मिळतात. त्यांचा हिशेब ठेवण्याची एक नामी युक्ती एडवर्ड केंड्रिक यांनी १९६३ मध्ये सुचवली आणि लेखापालांना ती आवडावी. तेलातले रेणू बहुधा कुटुंबाने राहतात. एकात एक कार्बन व दोन हायड्रोजन वाढवले की पुढचा भाऊ. त्या जुडीचे वस्तुमान १४.०१५६५ न धरता नेमके १४ धरायचे आणि सगळे आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यायचे. आपला २८४.२३७३ हा आयन या चलनात २८३.९१९९ होतो, म्हणजे २८४ ला ०.०८०१ कमी. त्याचा एक जुडी मोठा भाऊ २९८.२५३०, तो होतो २९७.९१९९, म्हणजे २९८ लाही ०.०८०१ कमीच. सगळ्या भावांची तूट एकच. आलेखावर हे कुटुंब सरळ आडव्या रांगेत उभे राहते. एका सदस्याचे सूत्र पक्के झाले की रांगेतल्या बाकीच्यांची सूत्रे आपोआप ठरतात आणि रांगेत न बसणारा उपरा लगेच डोळ्यांत भरतो.

सूत्र मिळाल्यावर शेवटचा हिशेब द्विबंध तुल्यांकाचा. कार्बनच्या संख्येतून हायड्रोजनची निम्मी संख्या वजा करायची, नायट्रोजनची निम्मी संख्या मिळवायची आणि वर १ मिळवायचा. येणारी संख्या म्हणजे कडी आणि दुहेरी बंध यांची बेरीज. पिरिडिनला ४, क्विनोलिनला ७, अॅक्रिडिनला १०. कार्बाझोलला ९ आणि बेंझोकार्बाझोलला १२. वरच्या उदाहरणात २० वजा १४.५, अधिक ०.५, अधिक १, म्हणजे ७. म्हणूनच त्याला मी क्विनोलिन म्हटले. ‘म्हटले’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण पुढचा प्रश्न तिथेच बोट ठेवतो.

प्रश्न : माझ्या नमुन्यात धन आयनांच्या वर्णपटात द्विबंध तुल्यांक ९ चे शिखर उंच आहे, तर ऋण आयनांच्या वर्णपटात तेच ठेंगणे आहे. मग तेलात कार्बाझोल जास्त धरायचे की कमी? दोन्ही वर्णपटांतील उंची मिळवून सरासरी काढली तर चालेल का?
— संशोधक विद्यार्थी, कारेलीबाग

सरासरी काढू नका. ही दोन शिखरे बहुधा एकाच पदार्थाची नाहीतच.

नमुना टोल्युइन आणि मेथॅनॉलच्या मिश्रणात विरळ करून काही हजार व्होल्टच्या सुईतून फवारला जातो. ज्या इलेक्ट्रोस्प्रे तंत्रासाठी जॉन फेन यांना २००२ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, ते हेच. फवारणीपूर्वी थोडे फॉर्मिक आम्ल घातले की आम्लारीधर्मी रेणू प्रोटॉन घेतात आणि धन आयन होतात. आम्लाऐवजी अमोनियासारखी आम्लारी घातली की, कार्बाझोल आपल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात सोडून ऋण आयन होतो. तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग असलेले साधे हायड्रोकार्बन या दोन्ही खेळांत भाग घेत नाहीत, आणि त्यामुळेच कोणतेही पूर्वविलगीकरण न करता पिंपातल्या तेलातून नायट्रोजनवाले तेवढे वेचून निघतात. ही या पद्धतीची खरी किमया आहे. माझ्या मते विभेदनक्षमतेइतकेच श्रेय या सुईलाही द्यायला हवे.

आता आपले तुल्यांक ९ पाहा. कार्बाझोलचे सूत्र कार्बन १२, हायड्रोजन ९, नायट्रोजन १. अॅझाफ्लुओरिन नावाच्या रेणूचे सूत्रही अगदी हेच आहे. त्यात नायट्रोजन मधल्या कड्यात नसून बाजूच्या पिरिडिनसारख्या कड्यात बसतो. जगातला कितीही मोठा चुंबक आणला तरी या दोघांच्या वस्तुमानात फरक सापडणार नाही, कारण तो नाहीच. फरक स्वभावात आहे. अॅझाफ्लुओरिन प्रोटॉन घेऊन १६८.०८०८ ला दिसतो, कार्बाझोल प्रोटॉन सोडून १६६.०६६२ ला दिसतो. आपल्या धन वर्णपटातले उंच शिखर अॅझाफ्लुओरिनच्या कुटुंबाचे असू शकते, किंवा दोन संपृक्त कडी जोडलेल्या क्विनोलिनचेही असू शकते, कारण ७ अधिक २ म्हणजे ९च. त्याला कार्बाझोल म्हणणे ही चूक होईल. अॅक्रिडिन, फेनान्थ्रिडिन आणि बेंझोक्विनोलिन हे तिघेही असेच एकाच सूत्राचे समघटक आहेत. त्यांना वेगळे करायचे असेल, तर आधी क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ लावावा लागतो किंवा आयन तोडून त्याचे तुकडे पाहावे लागतात.

शिखराच्या उंचीचे म्हणाल, तर ती पदार्थाच्या प्रमाणाइतकीच त्याच्या आयन होण्याच्या हौसेवरही अवलंबून असते. प्रोटॉनसाठी सगळ्यांची ओढाताण चालते आणि जो अधिक आम्लारीधर्मी, तो दुसऱ्याच्या ताटातला घास पळवतो. ऋण आयनांत तर तेलातली नॅफ्थेनिक आम्ले इतकी सहज प्रोटॉन सोडतात की, आम्लयुक्त तेलात बिचारी कार्बाझोल झाकोळून जातात. आपले ठेंगणे शिखर कदाचित यामुळेच ठेंगणे असेल; तेलाचे आम्लमूल्य तपासून पाहा. एकाच संयंत्रात येणारे आणि जाणारे तेल, सारखे विरळ करून, त्याच दिवशी, ओळखीचा एखादा प्रमाण पदार्थ घालून तपासले, तर कोणते कुटुंब घटले आणि कोणते तग धरून राहिले याची तुलना भरवशाची असते. पीपीएममधला आकडा हवा असेल, तर तो फतेगंजच्या विद्यार्थिनीच्या जाळणाऱ्या यंत्राकडूनच घ्यावा लागेल.

प्रकाशाने आयन करणाऱ्या पद्धतीकडे वळण्याचा मोहही होईल, कारण तिच्यात दोन्ही घराणी एकदम दिसतात. मात्र तिथे एकच रेणू कधी प्रोटॉन घेऊन, तर कधी नुसता इलेक्ट्रॉन गमावून येतो. इलेक्ट्रॉन गमावलेल्या आपल्या क्विनोलिनमध्ये एक कार्बन १३ वस्तुमानाचा असला, तर तो २८४.२३२८ ला, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या सख्ख्या रेणूच्या ०.००४५ अलीकडे येतो. वर्णपटाची गर्दी अशी दुणावते.

प्रश्न : तीन वेगवेगळ्या विहिरींच्या तेलात ३३८.३४१७ या वस्तुमानाचे एकसारखे ठळक शिखर मिळाले. सूत्र कार्बन २२, हायड्रोजन ४३, नायट्रोजन १, ऑक्सिजन १ असे येते. या खोऱ्यातील तेलाची ही काही खास खूण असेल का?
— रसायनतज्ज्ञ, गोत्री

आपण सूत्र प्रोटॉन वजा करून बिनचूक काढले आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण खूण तेलाची नाही, बाटलीची आहे. हा एरुकामाइड. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि झाकणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यात तो घातलेला असतो आणि टोल्युइनसारखा द्रावक लागताच बाहेर येतो. त्याचा धाकटा भाऊ ओलिआमाइड २८२.२७९१ ला सापडतो का, तेही पाहून घ्या. जमिनीखाली अतिदीर्घ काळ तापलेल्या तेलात असे साधे आमाइड इतक्या ठळकपणे टिकून राहण्याचा संभव नाही आणि त्यांच्याभोवती एकेका जुडीने लहानमोठी भावंडेही नाहीत. खरे तेल कधी एकटे शिखर देत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगू शकतो, कारण नोकरीच्या काळात मी स्वतः या शिखरापायी तीन आठवडे घालवले आहेत. ‘नवा जैवचिन्हक’ (तेलाच्या सजीव मुळाची खूण) असे शीर्षक घालून टिपणही लिहून ठेवले होते. एका सायंकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाने, तेल न घालता नुसताच द्रावक यंत्रावर चढवला, आणि शिखर तिथेच, तेवढ्याच उंचीने हजर. त्याने काही न बोलता कागद माझ्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर कोरा द्रावक चालवायचा, नमुना काचेच्या बाटलीत टेफ्लॉनच्या अस्तराच्या झाकणाखाली ठेवायचा आणि पिचकारीसुद्धा काचेची वापरायची, हा नियम मी मोडलेला नाही.

प्रश्न : माझे वाघोडिया रोडवर गॅरेज आहे. गाडीतले वापरलेले इंजिन ऑइल आणि जनरेटरच्या टाकीत वर्षभर पडून काळपट झालेले डिझेल आपल्याकडे पाठवले, तर त्यांतला नायट्रोजन तपासून त्यांची प्रत सांगता येईल का?
— गॅरेजमालक, वाघोडिया रोड

इंजिन ऑइल पाठवू नये. त्यातला बहुतेक नायट्रोजन जमिनीतून आलेला नसून कारखान्यात मुद्दाम घातलेला असतो : काजळी तरंगती ठेवणारे सक्सिनिमाइड आणि तेल लवकर खराब होऊ नये म्हणून साखळ्या जोडलेले डायफेनिलअमाइन. यांपैकी दोन आठ-कार्बनी साखळ्यांचे डायफेनिलअमाइन ३९४.३४६८ ला दिसते, त्याचा द्विबंध तुल्यांक ८ येतो आणि नवशिक्या माणसाला ते एका संपृक्त कड्याचा क्विनोलिन वाटून तो फसतो. तेल बदलायचे की नाही, हे ठरवायला श्यानता आणि आम्लारी मूल्याची साधी चाचणी पुरते आणि तीच करून घ्यावी.

डिझेलची गोष्ट वेगळी आहे. साठवणीत डिझेल काळवंडणे आणि तळाशी चिकट गाळ बसणे यांत इंडोलवर्गीय रेणूंचा हात असू शकतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते एकमेकांना जोडले जाऊन रंगीत, अविद्राव्य राळ बनते. टाकीतले पाणी आणि त्यात वाढणारे जंतू हीही कारणे तितकीच संभवतात, म्हणून आधी टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी येते का, ते पाहा. पाणी नसेल, तर काचेच्या रंगीत बाटलीत काठोकाठ भरून २०० मिलिलिटर डिझेल पाठवा, सोबत त्याच पंपावरून आजच घेतलेले तितकेच ताजे डिझेलही पाठवा आणि पंपावर ते साधे घेतले की मिश्रके घातलेले महागातले, हे चिठ्ठीवर लिहा. बाटलीला प्लॅस्टिकचे झाकण मात्र नको; कारण वर गोत्रीच्या उत्तरात आले आहे.